अंगावर बोराएवढे गोळे कशासाठी चिकटवतात? चालीच्या थ्रीडी तपासणीतले मार्कर आणि मॉडेल, सोप्या भाषेत

रात्री आकाशात जाणारं विमान नीट पाहिलंत, तर त्याच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा दिसतो. अंधारात विमानाचा आकार दिसत नाही. पण कोणता दिवा कुठे दिसतो, यावरून विमान आपल्याकडे येतंय की दूर जातंय, हे दुसऱ्या वैमानिकाला कळतं. गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये वैमानिक व्हायला येणाऱ्यांना या दिव्यांचा अर्थ सुरुवातीलाच शिकावा लागतो.

आता हीच युक्ती माणसाच्या पायावर वापरली तर? मांडीवर, नडगीवर, पावलावर काही ठिपके लावायचे आणि फक्त ते ठिपके पाहून आतलं हाड कोणत्या क्षणी कसं वळलंय ते ओळखायचं. मोशन कॅप्चर वापरून होणारी चालीची तपासणी म्हणजे नेमकं हेच.

सिनेमाच्या 'बिहाइंड द सीन्स' व्हिडिओत घट्ट काळे कपडे आणि अंगभर गोळे लावलेले कलाकार तुम्ही पाहिले असतील. २०१४ मधला रजनीकांतचा 'कोचडैयान' याच तंत्राने बनला होता. सिनेमात गोळा एक सेंटीमीटर इकडेतिकडे लागला, तर ॲनिमेटर नंतर दुरुस्त करतो आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. दवाखान्यात तोच एक सेंटीमीटर लहान मुलाच्या ऑपरेशनच्या निर्णयापर्यंत पोहोचू शकतो. कसा, ते समजून घेऊया.

'गेट ॲनालिसिस' म्हणजे काय?

इथे 'गेट' म्हणजे फाटक नव्हे, तर चालण्याची ढब. सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, पक्षाघातातून सावरणारे रुग्ण, कृत्रिम पाय वापरणारे लोक, गुडघा किंवा खुबा दुखावलेले खेळाडू अशांच्या चालण्यात नेमकं काय बिघडलंय, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड असतं. चालताना एका पायाचं पूर्ण चक्र साधारण एका सेकंदात संपतं. तेवढ्यात खुबा, गुडघा आणि घोटा एकाच वेळी तीन दिशांनी हलतात.

तपासणीच्या खोलीत भिंतीलगत किंवा छताजवळ अनेक इन्फ्रारेड कॅमेरे लावलेले असतात. प्रत्येक कॅमेऱ्याभोवतीच्या दिव्यांतून प्रकाश निघतो. अंगावरच्या गोळ्यांना चमकती पट्टी गुंडाळलेली असते. हायवेवरचे फलक गाडीच्या उजेडात चमकतात, तशी ती प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकते. हे गोळे साधारण ९ ते १४ मिलिमीटरचे, म्हणजे लहान बोराएवढे असतात. यांनाच मार्कर म्हणतात. एक गोळा किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला की त्याची खोलीतली जागा मिलिमीटरच्या आसपास अचूक काढता येते. हे काम सेकंदाला १०० किंवा त्याहून जास्त वेळा होतं. जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेट पाऊल किती जोराने आणि कोणत्या दिशेने दाबलं ते मोजतात.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण नवी मुंबईतलं आहे. कामोठ्याच्या एमजीएम इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ सायन्सेसमध्ये मानवी हालचालींचा अभ्यास करणारं केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी सूर्यनमस्काराचा थ्रीडी अभ्यास करून तो २०१९ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ योगा'मध्ये प्रसिद्ध केला. योगाचा सराव असलेल्या १० जणांच्या अंगावर प्रत्येकी ३९ मार्कर लावून १२ कॅमेऱ्यांनी त्यांच्या हालचाली टिपल्या गेल्या. सूर्यनमस्कार घालताना पाठ, खुबा, गुडघा, घोटा किती अंश वाकतात, हे त्यातून मोजलं गेलं.

३९ हा आकडा कुठून आला? त्यांनी वापरलेल्या 'प्लग-इन गेट' या मॉडेलमध्ये डोक्याला ४, धडाला ५, प्रत्येक हाताला ७ आणि कमरेपासून खाली १६ मार्कर लागतात. फक्त चाल तपासायची असेल, तर बहुतेक वेळा खालचे १६ पुरतात.

हे १६ मार्कर कुठे लागतात?

• कमरेवर ४: पुढे दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकांवर दोन आणि पाठीमागे कंबरेखाली जिथे खळ्या दिसतात तिथे दोन.
• प्रत्येक मांडीच्या बाहेरच्या बाजूला १.
• प्रत्येक गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा जिथून वाकतो त्या अक्षावर १.
• प्रत्येक नडगीच्या बाहेरच्या बाजूला १.
• घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर १.
• टाचेवर १ आणि पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या थोडं मागे १.

यातल्या बहुतेक जागा अशा आहेत, जिथे हाड त्वचेच्या अगदी जवळ असतं आणि बोटांनी चाचपून सापडतं. म्हणजे लाखो रुपयांच्या या यंत्रणेची सुरुवात होते ती फिजिओथेरपिस्टच्या बोटांपासून. कॅमेरा फक्त गोळा कुठे आहे ते सांगतो. गोळा योग्य हाडावर आहे का, हे त्याला कळत नाही.

तीन ठिपके आणि एक खंड

आता विमानाच्या दिव्यांकडे परत येऊ. विमानाची आकाशातली स्थिती पूर्ण सांगायला त्याच्यावरचे तीन बिंदू पुरतात. अट एकच, तिन्ही एका सरळ रेषेत नकोत. एकाच बिंदूवरून विमान कुठे आहे ते कळेल, पण ते कसं झुकलंय ते कळणार नाही. दोन बिंदूंवरून दिशा कळेल, पण त्या रेषेभोवती विमान किती फिरलंय ते कळणार नाही. तिसरा बिंदू मिळाला की चित्र पूर्ण होतं.

चालीच्या तपासणीत शरीराचे असेच भाग पाडतात: कंबर, मांडी, नडगी, पाऊल. प्रत्येक भाग न वाकणारा, न ताणला जाणारा ठोकळा आहे असं मानतात. याला सेगमेंट किंवा खंड म्हणतात. प्रत्येक खंडावर तीन बिंदू धरून त्याला स्वतःचे तीन अक्ष दिले जातात: एक पुढे-मागे, एक वर-खाली, एक डावी-उजवीकडे.

मग सांध्याचा कोन म्हणजे काय? वरच्या खंडाच्या तुलनेत खालचा खंड किती वळलाय, तो. विमानाचं नाक वर-खाली होणं, पंख एका बाजूला झुकणं आणि तोंड डावी-उजवीकडे वळणं या तीन हालचाली वैमानिक वेगवेगळ्या मोजतात. गुडघ्याचंही तसंच: वाकणं-सरळ होणं, आत-बाहेर झुकणं आणि स्वतःभोवती पिळणं. रिपोर्टमध्ये एका सांध्याचे तीन आलेख दिसतात ते यामुळे.

पण एक अडचण आहे. मांडीवर १ आणि गुडघ्यावर १ असे दोनच मार्कर आहेत. तिसरा बिंदू कुठून आणायचा?

न दिसणारा खुबा शोधायचा कसा?

तिसरा बिंदू असतो खुब्याच्या सांध्याचा मध्य. तो स्नायूंच्या खाली, शरीराच्या आत खोल असतो. तिथे गोळा लावता येत नाही, म्हणून त्याची जागा सूत्राने काढतात. कमरेच्या पुढच्या दोन मार्करमधलं अंतर घ्यायचं आणि त्याच्या ठरावीक टक्के आत, खाली आणि मागे खुबा आहे असं धरायचं. एका प्रसिद्ध सूत्रात हे प्रमाण सुमारे १४ टक्के आत आणि ३० टक्के खाली असं आहे. प्लग-इन गेटच्या सूत्रात पायाची लांबीही धरतात.

खुबा मिळाला की खुबा, मांडीचा मार्कर आणि गुडघ्याचा मार्कर या तीन बिंदूंवरून मांडीचा खंड ठरतो. गुडघ्याची रुंदी मोजून त्यावरून गुडघ्याचा मध्य काढतात. मग गुडघ्याचा मध्य, नडगीचा मार्कर आणि घोट्याचा मार्कर घेऊन नडगी ठरते. म्हणजे कंबर, खुबा, गुडघा, घोटा अशी ही साखळी आहे. म्हणूनच कमरेचा मार्कर चुकला तर खुबा चुकतो, खुबा चुकला तर मांडी चुकते. वरची चूक खाली झिरपत जाते.

ही सूत्रं सर्वसाधारण रचनेच्या कमरेवरून बांधलेली आहेत. ज्यांचा खुबाच बिघडलेला आहे, त्यांना ती तंतोतंत लागू पडत नाहीत. गोंदिया-गडचिरोली पट्ट्यात सिकल सेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून तो झिजू शकतो आणि माणूस लंगडू लागतो. अशा वेळी सूत्राने काढलेला खुबा आणि खरा खुबा यांत फरक पडतो. म्हणून एक्स-रे किंवा एमआरआय शेजारी ठेवूनच रिपोर्ट वाचावा लागतो.

एक सेंटीमीटर चुकला तर?

हिशेब करून पाहू. काही पद्धतींत गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही बाजूंना मार्कर लावतात आणि त्यांना जोडणारी रेषा हाच गुडघ्याचा बिजागरीसारखा अक्ष धरतात. समजा, गुडघा १० सेंटीमीटर रुंद आहे आणि एक मार्कर १ सेंटीमीटर पुढे लागला. तेवढ्याने अक्ष जवळपास ६ अंश फिरतो.

याचे दोन परिणाम होतात.

पहिला: मांडीचं हाड खुब्यात आत किंवा बाहेर किती फिरलंय, हा आकडा सरळ ६ अंशांनी चुकतो.

दुसरा परिणाम फसवा आहे. चालताना पाय हवेत असतो तेव्हा गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. अक्ष तिरका धरला गेला असेल, तर या वाकण्याचा काही भाग संगणकाला गुडघा बाजूला झुकल्यासारखा दिसतो. वरच्या उदाहरणात तो सुमारे ५ अंश भरतो. प्रत्यक्षात गुडघा बाजूला झुकलेलाच नसतो. दार नीट उघडतंय, पण बिजागरी कुठे आहे याचा आपला अंदाज चुकला, असा हा प्रकार.

गंमत म्हणजे ही चूक रिपोर्टमध्ये पकडता येते. गुडघा वाकण्याचा आलेख वर चढतो त्याच क्षणी बाजूला झुकण्याचा आलेखही त्याच्यासोबत चढत किंवा उतरत असेल, तर जाणकार आधी मार्करवर शंका घेतात, मग रुग्णाच्या गुडघ्यावर.

हे इतकं महत्त्वाचं का? सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांमध्ये मांडीचं हाड आतल्या बाजूला पिळलेलं असतं. चालताना गुडघे एकमेकांकडे वळतात. त्यावर हाड कापून, बाहेर फिरवून पुन्हा जोडायची शस्त्रक्रिया केली जाते. ती करायची का आणि किती अंश फिरवायचं, हे ठरवताना खुब्याच्या फिरण्याचा आलेखही पाहतात. आणि मार्करच्या चुकीचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो याच आलेखाला.

त्वचा हाडाला चिकटलेली नसते

मार्कर अगदी योग्य जागी लावला, तरी चालू लागल्यावर त्वचा, चरबी आणि स्नायू हाडावरून सरकतात. मांडीवर हे सरकणं सर्वात जास्त, अगदी दोन-तीन सेंटीमीटरपर्यंतही जाऊ शकतं. नडगीवर ते कमी असतं, कारण तिथे हाड वरच असतं. हाडात बारीक पिना बसवून, त्यांवर मार्कर लावून काही स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, तेव्हा हा फरक नीट मोजता आला. अर्थात रोजच्या तपासणीत कुणाच्या हाडात पिना घालता येत नाहीत.

यावर १९९० च्या दशकात इटलीतले कापोत्सो आणि सहकारी यांनी एक मार्ग मांडला. एका ताठ पट्टीवर तीन-चार मार्करांचा झुबका बसवून ती मांडीच्या मध्यावर बांधायची. आधी रुग्णाला स्थिर उभं करून, हाडाच्या खुणा त्या झुबक्यापासून नेमक्या कुठे आहेत ते नोंदवायचं. मग चालताना फक्त झुबका पाहायचा आणि हाडाच्या खुणा गणिताने काढायच्या. त्यामुळे जागा निवडताना हलणारे भाग टाळता येतात. त्वचेचं सरकणं मात्र यातही पूर्ण जात नाही.

खंडाचं वजन कुठून आलं?

सांध्यावर किती जोर पडतो हे काढायचं असेल, तर फक्त कोन पुरत नाहीत. प्रत्येक खंडाचं वजन आणि त्याचा तोल कुठे आहे, हेही लागतं. जिवंत माणसाची मांडी वेगळी काढून तराजूत ठेवता येत नाही, मग हे आकडे आले कुठून?

उत्तर आहे: मृतदेहांवरून. जर्मनीत ब्राउन आणि फिशर या जोडीने १९ व्या शतकाच्या शेवटी गोठवलेल्या मृतदेहांवर मोजमापं केली. याच दोघांनी १८९१ मध्ये एका सैनिकाच्या हातापायांना विजेवर चमकणाऱ्या काचेच्या नळ्या बांधून अंधारात त्याच्या चालण्याचे फोटो काढले आणि हाताने गणित करून त्याची थ्रीडी चाल मांडली. आजच्या मार्करचे ते पूर्वजच. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत डेम्पस्टर यांनी ८ वयस्कर पुरुषांच्या मृतदेहांवरून आकडे दिले. मांडी शरीराच्या वजनाच्या सुमारे १० टक्के, नडगी ४.६५ टक्के आणि पाऊल १.४५ टक्के, ही प्रमाणं त्यांच्याच कामातून आली. म्हणजे ५० किलोच्या माणसाची एक मांडी ५ किलोची धरली जाते.

आता विचार करा. अमेरिकेतल्या ८ वृद्ध पुरुषांवरून आलेली प्रमाणं आपल्याकडच्या सडसडीत मुलीला किंवा जयपूर फूट लावलेल्या शेतकऱ्याला जशीच्या तशी कशी लागू पडतील? पुढच्या काळात जिवंत, तरुण स्त्री-पुरुषांच्या मोजमापांवरून सुधारित तक्ते आले आणि तेही वापरले जातात. साध्या चालण्यात पाय जमिनीवर असताना या चुकीने फार फरक पडत नाही, कारण तेव्हा जमिनीकडून येणारा जोर खूप मोठा असतो. पण पाय हवेत वेगाने झुलतो तेव्हा, किंवा कृत्रिम पाय असेल तेव्हा, हे वजन महत्त्वाचं ठरतं.

मग रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा?

२००९ मध्ये मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तपासणी पुन्हा केली तर आकडे किती बदलतात, हा त्यांचा प्रश्न होता. बहुतेक कोनांमधला फरक ५ अंशांच्या आत होता. अपवाद खुबा आणि गुडघा यांच्या पिळण्याच्या आकड्यांचा. त्यांचं मत सोपं करून सांगायचं, तर २ अंशांपर्यंतची चूक चालून जाते, २ ते ५ अंशांची चूक लक्षात ठेवून आलेख वाचावा आणि ५ अंशांच्या पुढची चूक निर्णय चुकवू शकते.

याचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे असा नाही. गुडघा किती वाकतो, घोटा किती उचलतो, पावलांचं अंतर किती, या गोष्टी ती नुसत्या नजरेपेक्षा कितीतरी चांगल्या सांगते. फक्त सगळे आकडे सारख्या भरवशाचे नसतात, एवढं लक्षात ठेवायचं.

मोबाईलवर माणसाच्या अंगावर रेघांचा सांगाडा दिसतो, तो काय?

धावण्याच्या किंवा व्यायामाच्या रील्समध्ये हल्ली असा सांगाडा दिसतो. त्यात मार्कर नसतात. हजारो फोटोंवर माणसांनी खुणा करून शिकवलेला प्रोग्रॅम गुडघा, खुबा, घोटा कुठे असेल याचा अंदाज करतो. एकाच मोबाईलच्या सपाट चित्रातून पिळण्याची हालचाल नीट कळत नाही. दोन किंवा जास्त मोबाईल वापरून थ्रीडी चाल काढणारी 'ओपनकॅप' नावाची प्रणाली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने सुमारे साडेनऊशे किलोमीटरवरच्या मुंबईपर्यंत जाऊन तपासणी करणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी असं तंत्र आशेचं आहे. पण तिथेही मॉडेल आहेच, फक्त बोटांची जागा प्रोग्रॅमने घेतलीय. मोबाईलवरच्या आकड्यावरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये.

तपासणीला जाताना हे लक्षात ठेवा

• त्वचेवर मार्कर लावायचे असल्याने घट्ट हाफ पँट लागते. कपडे आणि आडोशाबद्दल आधीच विचारा. महिला रुग्ण महिला थेरपिस्टची मागणी करू शकतात.
• जुने एक्स-रे, आधीच्या ऑपरेशनची कागदपत्रं, वापरात असलेले बूट आणि पट्टे सोबत न्या.
• थकून आल्यावर लगेच तपासणी नको. प्रवासानंतर मुलाला विश्रांती द्या, नाहीतर थकव्याची चाल नोंदवली जाईल.
• मुलाला अनेकदा चालवलं तर वैतागू नका. एका फेरीपेक्षा पाच-सहा फेऱ्यांचा रिपोर्ट जास्त भरवशाचा असतो.
• ऑपरेशनच्या आधीची आणि नंतरची तपासणी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच मॉडेलने करा. दोन वेगळ्या मॉडेलचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.
• हाड फिरवायच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला, तर डॉक्टरांना विचारा: "आलेखात दिसणारं फिरणं हाताने केलेल्या तपासणीत, व्हिडिओत आणि स्कॅनमध्येही दिसतंय का?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. ते स्वतःही हेच ताडून पाहत असतात.

थोडक्यात, कॅमेऱ्यांना दिसतात फक्त गोळे. त्या गोळ्यांवरून हाड कुठे आहे ते मॉडेल सांगतं आणि गोळे कुठे लावायचे ते माणूस ठरवतो. पुढच्या वेळी कुणी रंगीत आलेखांचा रिपोर्ट हातात ठेवला, तर त्यातला आकडा पाहण्याआधी एवढं विचारा: मार्कर कोणी लावले आणि मॉडेल कोणतं वापरलं?